परक्याचे घोडे आणि आपली वैरण



कल्याण, मुरबाड, शहापूर, भिवंडी या भागात फिरताना हल्ली एक प्रश्न बऱ्याच वेळा कानावर येतो. डोंबिवली-कल्याणकडचा एखादा वरातीचा घोडीवाला गावात येतो, नाहीतर ठाण्याचा एखादा हौशी मालक गाडी घेऊन येतो आणि म्हणतो, "तुमच्याकडे जागा आहे, गवत आहे. पावसाळाभर आमची घोडी सांभाळा. महिन्याच्या महिन्याला पैसे देऊ." शेतकरी आम्हाला विचारतात, "साहेब, घ्यावी का?"

याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. दुसऱ्याचे जनावर दावणीला बांधणे आपल्याला नवे नाही. शेळी, गाय, म्हैस अर्धलीने सांभाळायची रीत आपल्याकडे जुनी आहे. पण घोडा म्हणजे गाय नव्हे. शिवाय आपला हा ठाण्याचा मुलूख घोड्याला पहिल्यापासून मानवणारा नाही. या मुलखात घोडे कसे आले, कोणी नीट सांभाळले आणि कोणाचे मेले, याचा इतिहास सातशे वर्षांचा तरी आहे. तो आधी थोडक्यात पाहू. मग हिशेबाकडे वळू.

ठाण्याच्या राजाची युक्ती

तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलो नावाचा इटलीचा प्रवासी चीनहून समुद्रमार्गे परत निघाला. आपल्या प्रवासवर्णनात त्याने ठाण्याची हकीकत दिली आहे. ठाणे तेव्हा मोठे बंदर होते. तो सांगतो की, या किनाऱ्यावर समुद्री चाचे होते आणि त्यांना ठाण्याच्या राजाची फूस होती. दोघांत करार असा होता की, लुटीतला बाकीचा माल चाच्यांचा, पण जेवढे घोडे सापडतील तेवढे सगळे राजाचे.

आता बघा, सोने-नाणे, कापड, मसाला सगळे सोडून राजाने घोडेच का मागितले? कारणही मार्को पोलोच देतो. या राजाच्या राज्यात घोडे नव्हते. अरबस्तान आणि इराणकडून हिंदुस्थानात घोड्यांचा मोठा व्यापार चाले आणि घोडे नसलेले जहाज सहसा इकडे येत नसे. घोडा म्हणजे त्या काळचे लष्करी बळ. ते ज्याच्याकडे नाही, त्याने ते दुसऱ्याकडून उचलायचे ठरवले.

घोडे इथे का नव्हते, हे आपल्याला पुस्तकातून शिकायला नको. आपला पाऊस आपल्याला ठाऊक आहे. चार महिने पायाखाली चिखल, हवेत ओल, माश्या-डासांचा सुळसुळाट. गवत उंच वाढते, पण वेळेवर कापले नाही तर त्याची नुसती काडी होते. घोडा मूळचा कोरड्या, मोकळ्या माळाचा प्राणी आहे. त्याचे खूर टणक जमिनीसाठी घडलेले आहेत. देशावर, भीमा-नीरेच्या खोऱ्यात घोड्याची जात तयार झाली, तिला आपण भीमथडी म्हणतो. घाटाखाली कोकणात मात्र घोडा नेहमी पाहुणा म्हणूनच आला.

विकत घेतलेले घोडे का मेले

त्याच मार्को पोलोने दक्षिणेतल्या तमिळ मुलखातल्या राजांची गोष्ट सांगितली आहे. ती तर अधिक बोध घेण्यासारखी आहे. ते राजे श्रीमंत होते. चोरीची गरज नव्हती. एकेक राजा वर्षाला दोन हजारांवर घोडे भरमसाट किंमत देऊन घेई. वर्षअखेर त्यातले शंभरसुद्धा जिवंत उरत नसत, असे तो लिहितो.

कारण काय? सांभाळ ठाऊक नव्हता. घोड्याला शिजवलेला भात आणि मांस चारत. नाल ठोकणारा, आजार ओळखणारा माणूस त्यांच्याकडे नव्हता. आणि घोडे विकणारे व्यापारी असा जाणकार माणूस मुद्दाम तिकडे येऊ देत नसत. घोडे मेले तर पुढच्या वर्षी नवे विकता येतात ना!

मार्को पोलोच्या साऱ्याच गोष्टी अक्षरशः खऱ्या धरू नयेत. पण या हकिकतीतले मर्म खोटे नाही. जनावर हातात येणे सोपे, ते उभे ठेवणे अवघड. आजही दारात घोडा आणून बांधणारा माणूस तुम्हाला त्याच्या सांभाळाची सगळी माहिती देईलच असे नाही. ती आपणच विचारून घ्यावी लागते.

आधी गवत मोजणारा राजा

आता आपल्या घरच्या इतिहासाकडे येऊ. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. पुढे कल्याणच्या खाडीवर त्यांच्या आरमाराची पायाभरणी झाली, हे आपण शाळेत शिकलो. पण घोडदळ हा त्यांच्या फौजेचा कणा होता आणि त्याच्या सांभाळाची व्यवस्था काटेकोर होती, हे फारसे सांगितले जात नाही.

घोडेस्वार दोन प्रकारचे असत. स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. सरकारचा घोडा वापरणारा तो बारगीर. म्हणजे बारगिराच्या मांडीखाली परक्याचे घोडे. ते दगावले तर नुकसान सरकारचे, आणि जाब त्याला. म्हणून सरकारी पागेवर देखरेख कडक. सतराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिलेल्या बखरीत ही रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्या घोड्यांमागे एक पखालवाला व एक नालबंद. पाणी आणि खूर या दोन गोष्टींना माणूस नेमूनच दिलेला होता. पावसाळ्यात लष्कर छावणीला परत येई. तेव्हा दाणा, वैरण, औषधे आणि गवताने शाकारलेले निवारे आधीच तयार ठेवायचे आणि दसरा झाला की फौजेने बाहेर पडायचे, हा शिरस्ता होता.

या सगळ्याहून बोलके आहे ते महाराजांचे एक पत्र. राज्याभिषेकाच्या सुमाराचे, ऐन मे महिन्यातले. चिपळूणजवळ हळवर्ण येथे पागा उतरली होती. तिच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना ते लिहिलेले आहे. पावसाळा तोंडावर आलेला. साठवलेला दाणागोटा लष्कराच्या मुक्कामात बराचसा संपलेला. महाराज जे बजावतात त्याचा मथितार्थ असा : आत्ता मनाला येईल तसे दाणा-गवत घातलेत तर पावसाळ्यात काही उरणार नाही. मग घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. आणि वैरण संपली की तुमची माणसे कुणब्याच्या घरात शिरतील. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी फाटे, कोणी भाजी. मग जीव धरून राहिलेला कुणबीही गाव सोडून जाईल. त्याला तुम्ही मोगलांपेक्षाही वाईट वाटाल.

पुढे आगीची सूचना आहे. कोणी गवताजवळ चूल पेटवील, कोणी चिलीम ओढील, रात्री दिवा तसाच राहील आणि उंदीर पेटती वात ओढून नेईल. गवत जळाले की कुणब्यांच्या माना मारल्या तरी ऐन पावसात गवताची काडी मिळणार नाही, घोडी मरतील.

बंधूंनो, राज्याभिषेकाच्या धामधुमीचा तो काळ. अशा वेळी राजा उंदराच्या तोंडातल्या वातीचा विचार करतो आहे! त्याचे कारण साधे आहे. कोकणात जूननंतर वैरण पैदा होत नाही. जी आहे तीच पुरवायची असते. ज्याने घोड्यांच्या संख्येआधी गवताची गंजी मोजली, त्याचे घोडे दसऱ्याला उभे राहिले. आणि घोड्याची भूक शेवटी शेतकऱ्याच्या घरावर येते, हेही त्याने ओळखले होते. हे पत्र म्हणजे कोकणात पावसाळ्यात घोडे सांभाळण्याचा उत्तम सल्ला आहे. आमच्या खात्याच्या पत्रकाला याहून चांगले लिहिता येणार नाही.

मुंबईचे घोडे, ठाण्याचे गवत

इंग्रजी अमदानीत मुंबई वाढली तशी तिथली घोड्यांची संख्याही वाढली. इराणी आखातातून अरबी घोडे जहाजाने मुंबईला उतरत. लष्कर, साहेब लोकांच्या बग्ग्या, व्हिक्टोरिया, मालाच्या गाड्या, शर्यती, सगळीकडे घोडे. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. त्या कंपनीकडे पुढे नऊशेच्या आसपास घोडे होते. १९०५ साली घोड्यांची ट्राम बंद झाली आणि १९०७ साली विजेची सुरू झाली. त्याच काळात शहराला घोड्यांच्या वैद्यांची गरज भासली. परळचा बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचा दवाखाना आणि १८८६ साली सुरू झालेले मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय, ही त्या काळाची देणगी आहे.

इतके घोडे आणि तबेल्यातल्या म्हशी खाणार काय? मुंबईत काही कुरणे नव्हती. गवत जाई ते आपल्या ठाणे जिल्ह्यातून. १८५३ साली रेल्वे ठाण्यापर्यंत आली, १८५४ साली कल्याणपर्यंत. पुढे रेल्वेने आणि खाडीतून गलबतांनी गवताच्या गासड्या मुंबईकडे वाहू लागल्या. जिल्ह्यात गवताच्या वखारी उभ्या राहिल्या आणि गवत हे भातासारखे विकण्याचे पीक झाले.

यात पैसा कोणाला मिळाला? ज्याच्याकडे कुरण आणि वखार होती त्याला. गवत कापणाऱ्याला नाही. जानेवारी १९४५ मध्ये आपल्या कल्याण तालुक्यातल्या टिटवाळ्याला महाराष्ट्रातल्या किसान सभेची परिषद भरली. डहाणू-उंबरगावकडचे काही वारली तिथे आले होते. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर वारली मजुरांनी गवतकापणीचा संप केला. मागणी काय होती? पाचशे रत्तल गवत कापायला अडीच रुपये मजुरी. गोदावरी आणि शामराव परुळेकर हे त्या लढ्याचे पुढारी. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि त्यात माणसे प्राणाला मुकली.

पाचशे रत्तल म्हणजे सुमारे सव्वादोनशे किलो. एका घोड्याला ते पंचवीस दिवस पुरेल. म्हणजे शहरातल्या तबेल्यातले एक घोडे जवळजवळ महिनाभर जगवण्याइतके गवत कापायला अडीच रुपये मिळावेत, एवढ्यासाठी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात माणसे मेली. घोड्याच्या तबेल्याचा हिशेब मांडताना गवत फुकटचे धरू नये, हे मी एवढ्या आग्रहाने का सांगतो ते आता ध्यानात यावे.

घोड्याची कमाई थांबते, भूक थांबत नाही

स्वातंत्र्यानंतर मोटारी वाढल्या. स्टेशनाबाहेरचे टांगे गेले आणि रिक्षा आल्या. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या हौसेच्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात त्या बंद करायला सांगितले. मालकांपुढे प्रश्न उभा राहिला, की या घोड्यांचे आता करायचे काय?

माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळे तिथे घोडा टिकून आहे. परवाना असलेले चारशेच्या वर घोडे तिथे चालतात. पण २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि पर्यटक यायचे बंद झाले. घोड्याची कमाई एका दिवसात शून्यावर आली. खाणे मात्र तेवढेच राहिले. बऱ्याच घोड्यांना तेव्हा संस्थांनी आणि दानशूर लोकांनी दिलेल्या खाद्यावर दिवस काढावे लागले. वरातीच्या घोडीवाल्यांची गत वेगळी नव्हती.

घोडा सांभाळायला घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. मालकाची कमाई ज्या दिवशी थांबेल, त्या दिवशी तुमचा महिन्याचा पैसाही थांबण्याची शक्यता आहे. पण जनावर तुमच्या दारात असेल आणि सकाळी ते तुमच्याकडेच बघून खिंकाळेल. त्याला उपाशी ठेवणे आपल्या शेतकऱ्याच्या हातून होत नाही. मग घरच्या बैलाचा घास घोड्याला जातो.

मुरबाड तालुक्यातली एक हकीकत

आता एक अलीकडची गोष्ट सांगतो. त्यात चूक माझीही आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मुरबाड तालुक्यात माझ्याकडे काही गावे होती. तिथल्या एका शेतकऱ्याने कल्याणच्या घोडीवाल्याच्या चार घोड्या जूनमध्ये सांभाळायला घेतल्या. मला त्याने वाटेत गाठून विचारले, "साहेब, गवत हाय, पेंढा हाय, गोठ्यात जागा हाय. जमंल ना?" मी गडबडीत होतो. म्हणालो, "काका, तुमच्या घरात पिढ्यान् पिढ्या जनावरे आहेत. चारा तो चाराच. जमेल की!"

बीएस्सी करताना मी घोड्याची पचनसंस्था शिकलो होतो. पण त्या क्षणी ते डोक्यात आले नाही.

आषाढात झड लागली. गोठ्याच्या वाऱ्याकडच्या बाजूने गंजी भिजली आणि आतून गवताला बुरशी धरली. गाई-बैलांनी ते नाक मुरडत का होईना, खाल्ले. घोड्यांनाही तेच पडले. एके दिवशी पहाटे एक घोडी पुढच्या पायाने जमीन उकरू लागली. मान वळवून पोटाकडे बघू लागली. मग आडवी पडून लोळू लागली. अंगाला घामाची धार. शेतकऱ्याला वाटले, वारा लागला असेल. डॉक्टर पोचेपर्यंत दुपार झाली. संध्याकाळी घोडी गेली. पोटशूळ.

मालक आला आणि म्हणाला, "तुम्ही उपाशी मारली." शेतकरी म्हणाला, "आलीच ती आजारी." दोघांकडे कागद नव्हता. घोडी आली तेव्हा तिची तब्येत कशी होती, रोज काय घालायचे ठरले होते, औषधाचा खर्च कोणाचा, मेली तर नुकसान कोणाचे, काहीच लिहिलेले नव्हते. मालकाने दोन महिन्यांचे पैसे दिले नाहीत आणि उरलेल्या तीन घोड्या भर पावसात घेऊन गेला. गावात मात्र त्या शेतकऱ्याची बदनामी झाली. माझ्याजवळ तो एवढंच बोलला, "साहेब, मुकं जनावर माझ्या दारात गेलं."

मी त्याला तेव्हा सांगायला हवे होते ते आता सांगतो. गाय-बैलाचे पोट चार कप्प्यांचे असते. रवंथ करून, मुरवून ते जाडाभरडा चारा पचवतात. घोड्याचे जठर एकच आणि अंगाच्या मानाने फार लहान. चाऱ्याचे खरे पचन पुढे मोठ्या आतड्यात होते. आणि घोड्याला उलटी करता येत नाही. जे आत गेले ते पुढेच जायला हवे. बुरशीचे गवत, एकदम बदललेला चारा, एका वेळी जास्त दाणा, कमी पाणी, यांतल्या कशानेही पोटात गाठ बसू शकते. जे गाय सोसते ते घोडा सोसत नाही.

त्या शेतकऱ्याने दोन वर्षे घोड्याचे नाव काढले नाही. तिसऱ्या वर्षी त्यानेच मला बोलावले. गोठ्यापासून वेगळी, उंच जोत्याची, मुरूम ठोकलेली जागा केली होती. गवत माळ्यावर चढवले होते. दोनच घोड्या घेतल्या आणि कागद केला. त्या दसऱ्याला घोड्या तुकतुकीत अंगाने परत गेल्या.

घोड्याचे देणे

त्रासच सांगत बसलो तर ते खरे चित्र होणार नाही. नीट सांभाळले तर घोडा देतोही.

पहिले म्हणजे पावसाळ्यात, जेव्हा हातात रोख नसते, तेव्हा महिन्याचा पैसा येतो. दुसरे, लीद. एक घोडा दिवसाला पंधरा-वीस किलो लीद देतो. चांगली कुजवली तर भाजीच्या वाफ्याला ती उत्तम खत होते. अळंबी पिकवणारेही तिचा उपयोग करतात. तिसरे म्हणजे आपले गवत वखारीला मातीमोल न जाता आपल्याच दारात खपते. वारल्यांनी ज्याच्यासाठी लढा दिला ते गवताचे मोल इथे आपल्या हातात राहू शकते.

आणखी एक देणे आहे. भातलावणीत कोणाला नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे चावले तर दवाखान्यात जी लस टोचतात, ती घोड्याच्या रक्तापासून बनते. मुंबईच्या हाफकिन संस्थेने त्यासाठी पिंपरीला घोडे पाळले. घोड्याला विषाची अगदी थोडी थोडी मात्रा देत जातात. त्याच्या रक्तात विषावर उतारा तयार होतो आणि तोच आपला जीव वाचवतो. खेड्यातली किती घरे या जनावराच्या ऋणात आहेत, ते मोजता येणार नाही.

आणि जो घोडा सांभाळतो त्याला आणखी एक गोष्ट मिळते. मुरबाडचे ते काका म्हणतात, "बादलीचा आवाज झाला का घोडी वळखते. बैल बी वळखतो, पण ही बोलावते." एवढे म्हणून ते हसतात.

घोडा घेण्याआधीचा हिशेब

आता कामाचे मुद्दे. हे कापून गोठ्यात चिकटवून ठेवावेत.

१) गवत आधी, घोडा नंतर. मध्यम घोड्याला दिवसाला आठ ते दहा किलो सुके गवत लागते. पावसाळ्याच्या चार महिन्यांना घोड्यामागे साधारण एक ते सव्वा टन होते. घरच्या जनावरांचे बाजूला काढून जेवढे उरेल, तेवढेच घोडे घ्यावेत.

२) गवत वेळेवर कापावे. आपण भात झोडून झाल्यावर गवताकडे वळतो, तोवर त्याची काडी होते. फुलोऱ्यावर असताना कापले तर सत्त्व टिकते. दोन-तीन दिवस चांगले वाळवून मगच रचावे. नुसत्या भाताच्या पेंढ्यावर घोडा तगत नाही.

३) गंजी जमिनीला टेकू देऊ नये. माळा किंवा उंच माच करावा. आग, चिलीम, उघडा दिवा लांब ठेवावा. उंदीर आजही आहेतच. दिव्याऐवजी आता विजेची उघडी तार असते, एवढाच फरक. बुरशीचा वास आला तर ते गवत घोड्याला अजिबात घालू नये.

४) दाणा म्हणजे चंदी थोडी थोडी, दोन-तीन वेळा विभागून द्यावी. चारा बदलायचा तर आठवडाभरात हळूहळू बदलावा. कोंबड्यांचे खाद्य घोड्याला मुळीच घालू नये. गाई-म्हशींचे तयार खाद्यही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अशा खाद्यात कधी कधी मोनेन्सिन नावाचे औषध असते. ते घोड्याला विष आहे.

५) पाणी दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर, स्वच्छ आणि सतत पुढ्यात. मिठाचा खडा ठेवावा.

६) जागा कोरडी हवी. एका घोड्याला किमान दहा बाय दहा फूट, मोठ्या घोड्याला बारा बाय बारा. रोज खूर उचलून साफ करावेत. ओल्या जागेत खुराची मधली बाजू कुजते आणि घाण वास येतो. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर तासून घ्यावेत. खरारा रोज करावा.

७) रोगाची तपासणी झाल्याशिवाय घोडा दारात घेऊ नये. ग्लँडर्स हा रोग घोड्यातून माणसालाही होतो. २००६ साली महाराष्ट्रात पुणे आणि पाचगणीकडे तो आढळला होता. रोग निघाला तर कायद्याने घोडा मारावा लागतो. म्हणून रक्त तपासल्याचा दाखला मागावा. पावसाळ्यात गोमाश्यांमुळे सर्रा हा रोग पसरतो. ताप येऊन जातो, पुन्हा येतो, घोडा वाळत जातो. असे दिसले तर लगेच रक्त तपासून घ्यावे.

८) धनुर्वाताचे जंतू लिदीत आणि मातीत असतात. घोड्याला ती लस टोचलेली आहे का, हे विचारावे. घरातल्या माणसांनीही टोचून घ्यावी.

९) घोडा जमीन उकरतो, पोटाकडे बघतो, लोळतो, घामाघूम होतो, लीद टाकत नाही, असे दिसले तर चारा-दाणा काढून घ्यावा आणि त्याच क्षणी डॉक्टरांना बोलवावे. सकाळची वाट पाहू नये. डॉक्टरांचा नंबर खडूने गोठ्याच्या दारावर लिहून ठेवावा.

१०) कागद करावा. त्यात घोड्याचे वर्णन आणि आल्या दिवशीची तब्येत, महिन्याचा दर, दोन महिन्यांची आगाऊ रक्कम, औषध आणि नालाचा खर्च कोणाचा, घोडा दगावला तर काय, आणि मालकाने पैसे थांबवले तर किती दिवसांत घोडा न्यायचा, हे लिहावे. दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार घ्यावेत. ओळखीचा माणूस आहे म्हणून कागद टाळू नये. ओळख टिकावी म्हणूनच तो करायचा.

शेवटी एवढेच. ठाण्याच्या राजाने घोडे पळवले. दक्षिणेच्या राजांनी विकत घेतले आणि मारले. शिवाजी महाराजांनी आधी गवत मोजले. दसऱ्याला मोहिमेवर निघाले ते त्यांचे घोडे. तुमच्या दारात कोणी घोडा घेऊन आला तर लगेच हो म्हणू नका, लगेच नाहीही म्हणू नका. त्याला ओटीवर बसवा, चहा पाजा. आणि तो चहा पितो आहे तोवर माळ्यावर चढून गवत किती आहे ते बघून या. उत्तर तिथेच मिळेल.

काही शंका असल्यास कार्यक्रमाच्या पत्त्यावर पत्र लिहावे किंवा आपल्या भागातल्या कृषी कार्यालयात, पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. रामराम.